जीपची पाठचिकित्सा

मराठी ग्रामीण कथेत जीप येते ती बहुधा धुरळा उडवत येते आणि तिच्यातून उतरणारा माणूस काहीतरी हुकूम सोडतो. तो मामलेदार असेल, साखर कारखान्याचा अध्यक्ष असेल, नाहीतर मते मागायला आलेला असेल. जीप स्वतःच्या मालकीची असणे, तिचे पाटे बदलणे, पावसाळ्यात ताडपत्रीतून गळणारे पाणी मांडीवर झेलणे हा अनुभव आमच्या वाचनात फारसा आलेला नाही. तो आम्ही 2014 पासून घेत आहोत. आम्ही म्हणजे नाशिकच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणारे दोघे सहकारी. गाडी दोघांच्या पैशांची, नोंदणीपुस्तकात नाव एकाचे आणि मते अर्थातच दोन.

गाडी 1978 सालची आहे, म्हणजे आमच्याहून थोडी थोरली. त्या सुमाराच्या अमेरिकी गाड्यांचे वेड जगभर आहे. 1977 च्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ या चित्रपटाने काळी पॉन्टिअ‍ॅक ट्रान्स अ‍ॅम घरोघरी पोचवली. तिचे इंजिन 6.6 लिटरचे आणि ताकद जेमतेम 200 अश्वशक्ती. 1973 चे तेलसंकट आणि धुरावरचे नवे निर्बंध यांनी त्या पहिलवानांचे बळ तेव्हा बरेच उतरवले होते. मिशीचा पीळ तेवढा कायम होता. आमच्याकडे त्या दशकात अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी आणि जीप. नाशिकच्या वाट्याला अमेरिकी पहिलवान आला तो या जीपच्याच रूपाने. चार सिलिंडर, 2.2 लिटर, सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्ती. इंजिनाचे नाव मात्र ‘हरिकेन’. हे चक्रीवादळ नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना चैत्राच्या उन्हात हमखास थांबते, कारण तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते. मग पंपावर ओले फडके टाकून झाडाखाली बसायचे. यात्रेकरू धीर देत पुढे जातात.

या गाडीची वंशावळ एखाद्या हस्तलिखिताच्या परंपरेसारखी आहे. विलिस कंपनीने सीजे-3बी हा नमुना 1953 साली काढला. हरिकेन इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा वर आणि धूर बाहेर टाकणाऱ्या बाजूला, ठोकळ्यात. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि ते मावावे म्हणून बोनेट उंच करावे लागले. जीपचे ते कपाळ काढल्यासारखे रूप शोभेसाठी आलेले नाही. अमेरिकेत हा नमुना 1968 मध्ये बंद पडला. इकडे महिंद्रांनी तो पुढे कितीतरी वर्षे चालू ठेवला. मूळ मठातली पोथी हरवावी आणि दूरच्या गावातल्या लेखकाने तिच्या नकला करत राहावे, तसे हे झाले. कर्तृत्वाचा पाठभेदही आहेच. 1945 साली निघालेल्या कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये नाव बदलले. माझगावात जीपची जुळणी सुरू झाली ती त्यानंतरच्या वर्षी.

आम्ही ही गाडी घेतली निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागाईतदाराकडून. व्यवहार ठरल्यावर ते म्हणाले, “सर, गाडी चालवायला घेताय का सांभाळायला?” प्रश्न आम्हाला तेव्हा विनोदी वाटला. गाडीत एक मोठा आणि दोन छोटे दांडे. पहिला गिअर चालत्या गाडीत टाकायचा तर क्लच दोनदा दाबून वेग जुळवून घ्यायचा. हे त्यांनी आम्हाला बागेतल्या वाटेवर शिकवले. तेव्हाच त्यांनी हेही सांगितले, की गाडीचा मागचा भाग मूळचा नाही. 1986 च्या सुमारास त्यांच्या वडिलांनी सांगाड्याला जोड देऊन तो जवळजवळ दीड हात वाढवून घेतला आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकडी बसवली. छाटणीला मजूर आणायचे, हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल न्यायचा, एरवी लग्नाला सगळे गाव न्यायचे, यासाठी.

या दीड हाताने आमच्यात जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही.

आमच्यापैकी एकाने पाठचिकित्सा पंधरा वर्षे शिकवली आहे. त्याचे म्हणणे, हा सरळ प्रक्षेप आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात भर घालू नये असे खडसावून ठेवले. मग बागाईतदाराच्या वडिलांनी घातलेल्या ओव्या आपण का जपायच्या? जोड कापावी, मागचा पत्रा मूळ मापाचा बसवावा, रंगही त्या काळचा द्यावा. दुसऱ्याचे उत्तर असे, की मूळ म्हणजे नक्की कोणते? 1909 साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली, तेव्हा मूळ कशाला म्हणावे यावर विद्वान भांडलेच ना! आणि अमेरिकेतला 1953 चा आराखडा मूळ धरला तर उजव्या बाजूचे स्टिअरिंगही प्रक्षिप्तच ठरते. दीड हाताची भर ही या गाडीचा नाशिक जिल्ह्यातला पाठ आहे, असे तो म्हणतो. वर्गात असे बोलणारा विद्यार्थी आम्हा दोघांनाही आवडला असता. गॅरेजमध्ये मिस्त्री घड्याळाकडे पाहतात.

हा वाद चहापुरता राहिला असता, पण त्यात शासन आले. जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या खाजगी गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळते. तिच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र गाडी मूळ रूपात राखलेली हवी. सांगाडा, बांधणी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे आमच्यातल्या पहिल्याची बाजू राजपत्रातच छापून आली. पण त्याच नियमांत पुढे असेही आहे, की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, देखभाल, इंधन भरणे एवढ्यासाठीच. आमच्या गाडीला पन्नास वर्षे होतात 2028 मध्ये आणि चालू नोंदणीही त्याच वर्षी संपते. साधी नोंदणी वाढवायची तर, ऑगस्ट 2025 च्या नव्या दरांनुसार, वीस वर्षांहून जुन्या हलक्या वाहनाला 10,000 रुपये, शिवाय पर्यावरण कर आणि तपासणी. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते जुन्या रबराला मानवेना म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घेतला, तो खर्च वेगळाच.

परंपरेवरचा हक्क किती नाजूक असतो हे पाहायचे तर ‘रॉक्सर’चे उदाहरण आहे. महिंद्रांनी 2018 मध्ये जुन्या जीपच्या घाटाची ही गाडी अमेरिकेत विकायला काढली. जीप या नावाची तेव्हाची मालक फियाट क्रायसलर; तिने रूप चोरल्याची तक्रार केली आणि 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्या रूपातल्या रॉक्सरला मज्जाव केला. नवे रूप दिल्यावर मुभा मिळाली. सत्तर वर्षे नकला करणाऱ्याला मूळ गावी हस्ताक्षर बदलावे लागले. इकडे सातपूरहून बोलेरो, स्कॉर्पिओ निघत राहिल्या. आमची गाडी त्यांच्या शेजारी उभी राहिली की नव्या गाडीतला तरुण काच खाली करून बाकड्यांवरची पोरे मोजतो. ती आमचीच असतात. एम.ए.चा वर्ग त्र्यंबकेश्वरला नेला तेव्हा मागे नऊ विद्यार्थी बसले होते. मूळ मापात पाचसुद्धा नीट मावले नसते. (नियमाने किती बसवावेत हे येथे विचारू नये.)

गेल्या महिन्यात आम्ही ठरवले, की जोड कापायची नाही आणि 2028 मध्ये साधीच नोंदणी वाढवून घ्यायची. पाठचिकित्सावाल्याने मान्यता दिली ती एका अटीवर: इंजिन तरी मूळचेच राहील, त्यात दुसऱ्या गाडीचा एकही भाग जाणार नाही. चौथ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरले आहे. मिस्त्रींनी दिवाळीनंतर ठोकळा उघडायचे ठरवले आहे, आणि पिस्टन कुठला मिळेल ते तेव्हाच सांगतो म्हणाले.