मे महिन्यातलं कपाट

प्राथमिक शाळेतलं मूल वाचायला कसं शिकतं आणि शिकलेलं वाचन त्याच्या हातून कसं सुटतं, हा माझ्या कामाचा विषय आहे. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये शिक्षकांबरोबर मी हे काम करते. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आम्ही तिसरी-चौथीच्या मुलांना एकेक करून जवळ बसवतो आणि वाचायला देतो. एप्रिलमध्ये अडखळत का होईना पण परिच्छेद पुरा करणारं मूल आता शब्दाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून थांबतं. अक्षरं त्याला आठवतात, काना-मात्राही आठवतात. पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून गेलेली असते. सलग वाचता येणाऱ्या मुलाचं सुट्टीत असं होत नाही. ज्याला अजून अक्षरओळखच नाही, त्याच्याकडेही गमावण्यासारखं फार नसतं. सुट्टी सगळ्यात महाग पडते ती या दोघांच्या मधल्या मुलाला.

याचं कारण वाचनाच्या घडणीतच आहे. नव्याने वाचणारं मूल अक्षर ओळखतं, त्याला वेलांटी-उकार जोडतं, आवाज काढतं, मागचा आवाज लक्षात ठेवून पुढचा त्याला जोडतं. सगळं लक्ष यातच खर्च होतं, अर्थासाठी काही उरत नाही. रोजच्या सरावाने ही जोडणी हळूहळू आपोआप व्हायला लागते आणि मग मूल गोष्टीत शिरतं. हा सराव मुरायच्या आतच सहा आठवड्यांचा खंड पडला, तर आधी जोडाक्षरं आणि रफार अडतात, मग वेग जातो. वेग गेला की गोडीही जाते. जूनमध्ये पुन्हा एप्रिलच्या जागी यायलाच जुलै उजाडतो, आणि तोवर वर्गात पुढचा धडा सुरू झालेला असतो.

अमेरिकेत या प्रश्नाचा अभ्यास बराच झाला आहे. १९९६ साली हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तिथल्या लांबलचक सुट्टीत मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे सरकतात, असा त्यांचा अंदाज होता. घसरण जास्त दिसली ती आकडेमोडीत आणि स्पेलिंगमध्ये. वाचनात मात्र मध्यमवर्गीय घरांतली मुलं उलट थोडी पुढे गेलेली होती आणि गरीब घरांतली मागे. बाल्टिमोरमध्ये १९८२ साली पहिलीत असलेल्या मुलांचा कार्ल अलेक्झांडर, डॉरिस एन्टविसल आणि लिंडा ओल्सन यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला. शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू मुलं साधारण सारखीच शिकतात, अंतर वाढतं ते उन्हाळ्यात, असं त्यांना दिसलं. पुढे पॉल फॉन हिपेल यांनी या निष्कर्षाला आव्हान दिलं. त्या काळच्या चाचण्यांची गुणमोजणीच अशी होती की अंतर फुगलेलं दिसावं, हे त्यांनी दाखवलं. त्यामुळे मुलं नेमकी किती मागे पडतात, यावर अजून वाद आहे आणि तो योग्यही आहे.

मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: सुट्टीत मुलांचं शिकणं कशामुळे चालू राहतं? बार्बरा हाइन्स यांनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ साली पुस्तक लिहिलं. मूल उन्हाळ्यात किती पुस्तकं वाचतं याचा त्याच्या प्रगतीशी सातत्याने संबंध दिसतो आणि त्यात सार्वजनिक ग्रंथालयाचा वाटा मोठा असतो, असं त्यांना आढळलं. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झन यांनी फ्लोरिडात गरीब वस्त्यांमधल्या १७ शाळांत एक साधी गोष्ट केली. सुट्टीआधी पुस्तकं मांडून ठेवली आणि मुलांनी स्वतः निवडलेली बारा पुस्तकं त्यांना कायमची देऊन टाकली. सलग तीन उन्हाळे हे चाललं. सोबत शिकवणी नव्हती. तीन वर्षांनी ही मुलं वाचनाच्या चाचणीत इतरांच्या पुढे होती आणि सर्वात गरीब मुलांना फायदा सर्वात जास्त झाला होता. पुस्तक मुलानेच निवडलेलं असणं, याला माझ्या मते यात फार महत्त्व आहे.

आता आपल्या शाळांकडे पाहा. आमच्या भागातल्या बहुतेक शाळांत आज गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट आहे. समग्र शिक्षाच्या निधीतून, संस्थांकडून, कधी माजी विद्यार्थ्यांकडून आलेली चांगली पुस्तकं त्यात असतात: माधुरी पुरंदरे यांची राधा असते, प्रथम बुक्सची रंगीत चित्रपुस्तकं असतात, बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक असतात. वर्षभर ती थोडीफार फिरतात. एप्रिलच्या शेवटी मात्र ती मोजून, नोंद करून कपाटात जातात आणि कुलूप लागतं. मुलांच्या हाती रिकामा वेळ सर्वात जास्त असतो, नेमक्या त्याच दिवसांत.

मुख्याध्यापकांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पुस्तक हरवलं तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याचं काय करायचं, तपासणीत काय उत्तर द्यायचं, ही त्यांची खरी काळजी असते. निर्लेखनाची प्रक्रिया आहे, पण तीसचाळीस रुपयांच्या पुस्तकासाठी तो कागदी खटाटोप कोण करणार? म्हणून वरिष्ठांकडून स्पष्ट शब्दांत लेखी यायला हवं की वाचून फाटलेलं, हरवलेलं बालपुस्तक हा शाळेचा खर्च आहे आणि त्याची भरपाई कोणाकडूनही मागितली जाणार नाही. एवढ्या एका पत्राने पुष्कळ कपाटं उघडतील. आणि पुस्तकं द्यायचा दिवस ठरलेलाच आहे: १ मे. झेंडावंदनाला आणि निकालाला सगळी मुलं येतात, आई-बापही येतात. पुस्तकं सतरंजीवर मांडावीत, मुलांना अर्धा तास चाळू द्यावीत, प्रत्येकाला चार-पाच निवडू द्यावीत. वाडीवस्तीवरच्या मुलांनी आपापसांत अदलाबदल केली की एकेकाच्या वाट्याला पंधरावीस येतात. पाचवीतल्या मुलाने पहिलीचं चित्रपुस्तक उचललं तरी त्याला अडवू नये. त्याला तेच वाचता येत असेल, तर सुट्टीत त्याच्या कामाचं पुस्तक तेच आहे.

याऐवजी आपण देतो तो सुट्टीचा अभ्यास: रोज एक पान शुद्धलेखन, दोन ते तीसचे पाढे, निबंध. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांत तो उरकला जातो, बऱ्याचदा ताईच्या अक्षरात. यात मूल काही नवं वाचत नाही, त्याला कोणी काही विचारत नाही. शहरातली उन्हाळी शिबिरं ज्यांना परवडतात त्यांना लखलाभ, त्या मुलांची मला चिंता नाही.

“पण आम्हाला कुठं वाचता येतं?” असं पालक मला विचारतात. वाचता येण्याची गरज नाही. मुलाने वाचावं, आईने स्वयंपाक करता करता ऐकावं आणि मध्येच म्हणावं, मग पुढं काय झालं? तो कोल्हा तसं का वागला? ऐकणारं माणूस असलं की मूल मोठ्याने वाचतं, आणि मोठ्याने वाचताना अडलेला शब्द त्याला गिळता येत नाही. २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात राज्यभर मातांचे गट तयार झाले, तेव्हा कमी शिकलेल्या बायकाही हे काम किती मन लावून करतात ते सगळ्यांनी पाहिलं. ते गट मे महिन्यातही चालायला हवेत.

गणिताला तर सामग्रीची उणीव नाहीच. पाच-तीन-दोन खेळताना तिघांनी लावायचे हात दहा, कोणाला किती मिळाले, कोणाचे किती अंगावर आले, हा हिशोब मुलं भांडून बरोबर करतात. तो कागदावर मांडायला सांगितला की तेच गणित होतं. गच्चीवर पापड घालताना आठाच्या सात रांगा, मधून तीन उचलले, किती उरले? मात्र हे कोणीतरी बोलून दाखवायला लागतं. नुसते पापड राखत बसून गुणाकार येत नाही.

जी मुलं फार मागे आहेत, त्यांना पुस्तक देऊन भागत नाही, शिकवावंच लागतं. त्यासाठी उन्हाळा चांगला काळ आहे, हे बिहारमध्ये दिसलं आहे. जून २००८ मध्ये जहानाबाद जिल्ह्यात सरकारी शिक्षकांनीच ‘प्रथम’ या संस्थेच्या पद्धतीने महिनाभराची शिबिरं घेतली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने त्यांचं मूल्यमापन केलं. मुलांचं वाचन महिन्याभरात ठळकपणे सुधारलं. शिक्षक तेच होते, फक्त पाठ्यपुस्तक संपवण्याचा धोशा मागे नव्हता. मुलांची इयत्ता बाजूला ठेवून, त्यांना जिथवर येत होतं तिथून त्यांनी सुरुवात केली.

आमच्याकडे हे सगळ्यात आधी व्हायला हवं ते ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी. बीड, केज, धारूर, पाथर्डीकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, बाकीची कोयत्याबरोबर फडावर जातात. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, ते मार्च-एप्रिलमध्ये. कुटुंब गावी परततं आणि पंधरा दिवसांत शाळेला सुट्टी लागते. इतर मुलांना वर्षातून सहा आठवड्यांचा खंड पडतो, या मुलांना सात-आठ महिन्यांचा. पण मे महिन्यात ती गावात असतात, आई-बापांसह असतात आणि सकाळी मोकळी असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. मूल जिथे आणि जेव्हा सापडतं, तिथे आणि तेव्हा शाळा. ऊसतोडीची मुलं मे महिन्यात सापडतात.

ऊन चढायच्या आत, सकाळी साडेसात ते साडेनऊ, समाजमंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात वर्ग भरू शकतो. गावात बारावी झालेल्या, डी.एड. केलेल्या मुली घरी बसलेल्या असतात. त्यांना आठवडाभराचं प्रशिक्षण, सहा आठवड्यांचं मानधन आणि पुस्तकांचं कपाट मिळालं तर त्या हे काम करतील, याची मला खात्री आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या रस्त्याला लागलेल्या असतील. त्या परत येईपर्यंत पाचेक महिने आहेत. तेवढ्यात प्रत्येक गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीने तीन गोष्टी ठरवून ठेवाव्यात: कोणकोणती मुलं परतणार आहेत, त्यांना कोण शिकवणार आहे आणि मे महिन्यात कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार आहे.