ओवाळणीचा देवमासा
(तृतीय वर्ष, कला)

भाऊबीजेला बहिणीला काय ओवाळणी घालावी, हा प्रश्न आपल्यासारख्या मध्यमवर्गीय भावांपुढे दरवर्षी उभा राहतो आणि दरवर्षी पाकिटातल्या एखाद्या नोटेने तो सुटतो. माझ्या बाबतीत मात्र 2023 सालच्या भाऊबीजेची ओवाळणी 2024 च्या भाऊबीजेला ताटात पडली. मधले अख्खे वर्ष मी ती तयार करीत होतो. ओवाळणी म्हणजे एक चित्र, आणि चित्र देवमाशाचे! इतिहास विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने देवमाशाच्या बरगड्या मोजीत का बसावे, असे वर्गातल्या बऱ्याच मित्रांनी विचारून झाले आहे. त्या सर्वांना हे एकदाच उत्तर.

माझे आजोळ मालगुंडचे. केशवसुतांचे जन्मगाव म्हणून मराठीच्या प्राध्यापकांना ते ठाऊक असते. बाकीच्यांना गणपतीपुळ्याच्या शेजारचे गाव म्हणून सांगावे लागते. त्या वर्षी दिवाळीला मी तिथे होतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, 13 नोव्हेंबरला, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू लागल्याची बातमी आली आणि फराळाची ताटे तशीच टाकून आम्ही सगळे धावलो. मी, मामा आणि माझी आठ वर्षांची मामेबहीण. घरात तिला सगळे 'बाय' म्हणतात.

पिल्लू म्हणायचे एवढेच. होते एखाद्या होडीपेक्षा मोठे. ओहोटीने ते वाळूवर उघडे पडले होते. माणसे त्याच्या अंगावर पाणी मारीत होती, ओली फडकी टाकीत होती. मधूनच त्याच्या डोक्यावरून फुस्सकन श्वास सुटे आणि गर्दी दोन पावले मागे सरे. मी मोबाइल उंच धरून फोटो काढीत होतो. बाय मामाच्या खांद्यावर बसून गप्प बघत होती.

जवळपास चाळीस तासांच्या खटपटीनंतर त्या पिल्लाला समुद्रात ओढून नेण्यात यश आले. भाऊबीजेच्या सकाळी गावात त्याचाच आनंद होता. मामीने बायला सांगितले, "गेलं हो ते आपल्या आईकडे." संध्याकाळी बायने मला ओवाळले आणि ओवाळणी मागितली: "दादा, तुला चित्रं येतात ना? ते पिल्लू समुद्रात पोहतंय असं काढून दे."

चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी शाळेत असताना उत्तीर्ण झालो आहे. भित्तिपत्रकाची शीर्षके माझ्याच हातची असतात. मी ऐटीत तिच्याच वहीचे पान फाडले आणि दहा मिनिटांत देवमासा हजर केला: गोल टपोरा डोळा, हसरे तोंड, डोक्यावर कारंजे आणि मागे झोकात उभी राहिलेली दुशेपटी.

बायने चित्र उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "शेपूट चुकलंय. ते असं उभं नव्हतं. वाळूवर सपाट पडलं होतं, पाटासारखं. आणि ते वर-खाली आपटत होतं."

मी मोबाइलमधले फोटो काढून पाहिले. साठ-सत्तर फोटो होते. त्यांत माणसांची डोकी होती, दोरखंड होते, एका फोटोत तर मीच होतो. शेपटी एकातही धड नव्हती. ज्या गोष्टीसमोर मी तासन्‌तास उभा होतो, ती मी पाहिलीच नव्हती! मी 'देवमासा' हा शब्द पाहिला होता. आणि शब्दात मासा आहे म्हणून माशाची शेपटी काढून मोकळा झालो होतो. बायला म्हटले, "नीट काढून पाठवतो."

पुण्याला परत आल्यावर बातमी वाचली. पिल्लू वाचले नव्हते. ते पुन्हा किनाऱ्याला लागले, ते मेलेलेच. बायला हे कुणी सांगितले असेल का, ते मला कळेना आणि विचारण्याचा धीर होईना. पण आता ते चित्र केवळ चित्र उरले नाही. त्या पिल्लाला पोहताना दाखवणारी जगात एकच जागा शिल्लक होती, आणि तीही मी चुकवून ठेवली होती.

मग सुरू झाला अभ्यास. पहिला धडा गणेश पेठेतल्या मासळीबाजारात. आमचे घर शाकाहारी, त्यामुळे तिथे जाणे हेच एक धाडस. एका मावशींसमोर सुरमई मांडलेली होती. मी वही काढून तिची शेपटी उतरवू लागलो. मावशी म्हणाल्या, "घ्यायची नसंल तर निसतं बघून पोट भरतंय व्हय?" पण त्यांनीच सुरमई उचलून माझ्यासमोर डावी-उजवीकडे वाकवून दाखवली. माशाची शेपटी उभी असते, कारण त्याचा कणा डावी-उजवीकडे वळतो. माशाचे पोहणे म्हणजे सापाच्या चालीचेच पाण्यातले रूप.

दुसरा धडा ओळखीच्या एका प्राणिशास्त्राच्या सरांच्या प्रयोगशाळेत. तिथे काचेच्या पेटीत सशाचा सांगाडा आहे. सर म्हणाले, "देवमासा काढायचाय ना? मग आधी हा काढ. नंतर धावणारा कुत्रा काढ. मग ये." मला वाटले, थट्टा करताहेत. पण आमच्या गल्लीतला कुत्रा रिक्षामागे धावताना आठ दिवस पाहिला आणि उजेड पडला. पळताना त्याची पाठ धनुष्यासारखी वर वाकते आणि पुन्हा ताणली जाते. कणा वर-खाली हलतो. देवमासा आणि डॉल्फिन हे सस्तन प्राणी. त्यांचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी वावरत होते. पाय गेले, पण कण्याची ती जुनी सवय गेली नाही. म्हणून शेपटी आडवी, आणि तिचा फटकारा वर-खाली. आठ वर्षांच्या पोरीने वाळूवर जे पाहिले, त्यामागे पाच कोटी वर्षांची हकिगत होती.

ती हकिगत आपल्याच भागात घडलेली आहे, हे कळल्यावर माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. काश्मीरमध्ये कालाकोटजवळ ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी जमवलेल्या जीवाश्मांत 'इंडोहायस' नावाचा मांजराएवढा, खुरांचा प्राणी सापडला. तो देवमाशांचा जवळचा नातलग असल्याचे 2007 मध्ये त्याच्या कानाच्या हाडावरून दाखवण्यात आले. कच्छमध्येही प्राचीन देवमाशांचे अवशेष मिळाले आहेत. आमच्या अभ्यासक्रमातला सर्वांत जुना कागद यापुढे कालचाच म्हणायचा!

त्यानंतर माझ्या चुकांची यादी वाढतच गेली. डोळा मी कपाळावर काढला होता. तो असतो पार खाली, तोंडाची रेघ जिथे संपते त्याच्या जवळ. मान काढलीच नव्हती. पण मान असते. माणसाला सात मणके, जिराफाला सात, तसेच देवमाशालाही सातच. मात्र ते इतके दाबलेले की बाहेरून पत्ता लागत नाही. पुढचा पंख मी वल्ह्यासारखा चिकटवला होता. त्याच्या आत दंडाचे हाड, हाताची दोन हाडे आणि बोटे आहेत. तो खांद्यातून फिरतो, कोपरातून वाकत नाही. श्वासाची भोके दातांऐवजी झालरी असलेल्या मोठ्या देवमाशांना दोन, आणि दात असलेल्या डॉल्फिनला एक. कारंजे तर पाण्याचे नसतेच; तो श्वास असतो.

या चुकांनी मी खचलो असतो, पण ग्रंथालयात ड्यूरर भेटला. आल्ब्रेख्त ड्यूरर हा जर्मनीचा थोर चित्रकार. गुजरातच्या सुलतानाने दिलेला एक गेंडा पोर्तुगीजांनी गोव्याहून लिस्बनला पाठवला, त्याचे चित्र ड्यूररने 1515 मध्ये गेंडा न पाहताच, दुसऱ्याच्या रेखाटनावरून काढले आणि त्याच्या पाठीवर एक जादा शिंग बसवून दिले. ते शिंग पुढे कितीतरी वर्षे युरोपातल्या चित्रांतून फिरत राहिले. हाच ड्यूरर 1520 मध्ये झीलंडच्या किनाऱ्यावर लागलेला देवमासा पाहायला थंडीवाऱ्यात निघाला. पोहोचेपर्यंत समुद्राने तो परत नेला होता. ड्यूररला देवमासा पाहायला मिळाला नाही. मला मिळाला, आणि मी मोबाइल धरून उभा होतो.

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेलो तो थेट एसटीने रत्नागिरी गाठली. तिथल्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सुमारे 55 फुटी सांगाडा आहे. मी दोन दिवस त्याच्यासमोर वही घेऊन बसलो. पहिल्या दिवशी नुसतेच मणके. प्रत्येक मणक्याला दोन बाजूंना पाती आणि वर एक उंच कणी. शेपटी वर-खाली हाणणारे प्रचंड स्नायू त्यांनाच धरून असतात. दुसऱ्या दिवशी बरगड्या. तिथला शिपाई शेवटी जवळ आला आणि म्हणाला, "लोक येतात, फोटो काढतात, जातात. तुम्ही काल पण होतात ना?" मला एकदम शरमल्यासारखे झाले. त्याला काय सांगणार, की मीही त्या लोकांतलाच?

पण खरी गोष्ट कळली ती शेपटीपाशी. मणके लहान लहान होत जातात आणि संपतात. शेपटीची ती दोन रुंद पाती, पाठीवरचा तो पंख, यांत हाडाचा तुकडाही नसतो. शरीर कुजले की ती जातात, मागे खूण राहत नाही. म्हणजे नुसत्या सांगाड्यावरून मी कितीही अभ्यास केला असता तरी शेपटी मला काढता आली नसती! ती कुणीतरी जिवंतपणी डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते. हाडे संग्रहालयात मिळतील. शेपटी मात्र बायकडे होती.

त्याच सुट्टीत मामाने पहाटे किनाऱ्यावर नेऊन डॉल्फिन दाखवले. आपल्या कोकणच्या उथळ पाण्यातला हा डॉल्फिन पाठीवर कुबड असलेला. त्या लांबट कुबडावर छोटासा पंख. पाण्याबाहेर येतात ते दोन क्षण: आधी चोच, मग पाठीची कमान, आणि संपले. मी वही घरीच ठेवली होती, मोबाइलही. नुसते पाहिले आणि घरी येऊन आठवून काढले. तीस कमानी काढल्या तेव्हा एक जमली. त्या एका कमानीत गल्लीतला कुत्रा धावत होता.

आणखी एक अडचण होती. वाळूवर पडलेला देवमासा स्वतःच्याच वजनाने पसरतो. मेलेला असेल तर फुगतो. पूर्वीच्या कित्येक चित्रकारांनी असेच फुगलेले देह पाहून देवमाशाचा गळा फुग्यासारखा काढला. मला पिल्लू जसे पडले होते तसे काढायचे नव्हते. पाण्यात ते कसे सडपातळ, ताणलेले असेल, हे हाडांवरून पुन्हा उभे करायचे होते. आधी एका रेघेत कणा, मग लांबीच्या पावभर डोके, मग बरगड्या, मग हनुवटीखालच्या लांब पन्हळी, सर्वांत शेवटी कातडी. अशी चाळीस-एक चित्रे फाडली. ऑक्टोबरात एक ठेवण्याजोगे झाले.

2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती. बायने ओवाळले, मी ताटात गुंडाळी ठेवली. तिने ती जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार पणत्या ठेवल्या आणि बराच वेळ पालथी पडून पाहत राहिली. बोट आधी शेपटीवर गेले.

"हां," ती म्हणाली, "आता बरोबर आहे."

मग वर न पाहताच म्हणाली, "दादा, ते मेलं ना? मला माहितीय. शाळेत मुलं सांगत होती. आईला सांगू नको हं, तिला वाटतं मला माहीत नाही."

मला काही बोलता येईना. तिनेच पुन्हा बोट फिरवले, श्वासाच्या दोन भोकांपासून निघून पाठीवरून पार शेपटीच्या टोकापर्यंत, आणि विचारले, "पण ह्याची आई कुठाय?"

म्हणजे 2025 च्या ओवाळणीचाही प्रश्न मिटला. झालरी असलेल्या देवमाशांत मादी नराहून मोठी असते, असे सर सांगत होते. या वेळी कागद मोठा आणायला हवा.