हास्याच्या दोन वाटा

छायाचित्रकार "जरा हसा" असे म्हणतो आणि समोर बसलेल्या कुटुंबातील प्रत्येकाचे ओठ आज्ञाधारकपणे विलग होतात. छायाचित्र हाती येते तेव्हा ते हसू ओढूनताणून आणलेले वाटते. तेच कुटुंब घरी परतताना धाकट्याच्या बोबड्या बोलावर खळखळून हसते. तेव्हा कोणी आज्ञा करावी लागत नाही. ओठ तेच, चेहरा तोच. मग हा भेद कशामुळे?

फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी हा प्रश्न शास्त्राच्या कसोटीस लावला. चेहऱ्यावरील संवेदना जवळजवळ नाहीशी झालेल्या एका वृद्धाच्या एकेका स्नायूला विजेचा प्रवाह देऊन त्यांनी निरनिराळे भाव उमटवले आणि १८६२ मध्ये आपले निष्कर्ष छायाचित्रांसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ओठांचे कोपरे उचलणारा स्नायू इच्छेचे ऐकतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदावाचून हास्याला सहसा साथ देत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. इच्छेने हसताना आज्ञा निघते ती मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरील, स्नायूंना चालना देणाऱ्या भागातून. भावनेने उमटणारे हास्य मेंदूच्या अंतर्भागातील अन्य केंद्रांतून येते. या दोन्ही वाटांचा संगम मस्तिष्कस्तंभात होतो आणि तेथून मज्जातंतू तो संदेश चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत नेतात.

म्हणूनच संगमापूर्वी एक वाट तुटली, तरी दुसरी चालू राहू शकते. पक्षाघाताने पहिली वाट खंडित झालेल्या रुग्णास डॉक्टर "दात दाखवा" म्हणतात, तेव्हा तोंडाची एक बाजू लुळी राहते. परंतु नातवाला पाहताच कित्येकदा दोन्ही बाजू सारख्याच फुलतात. कंपवाताची गत याच्या उलट. या विकारात मेंदूच्या अंतर्भागातील काही पेशी झिजत जातात. सांगितले असता रोगी प्रयत्नाने हसून दाखवतो. पण आनंदाची वार्ता ऐकूनही त्याचा चेहरा पुष्कळदा मुखवट्यासारखा स्थिर राहतो.

"आजोबांना आता कशाचेच काही वाटत नाही," असे मग घरची माणसे म्हणू लागतात. त्यांच्याशी बोलणे कमी होते, जवळ बसणेही कमी होते. वस्तुतः आनंद आत पोहोचलेला असतो. बाहेर येण्याची वाट तेवढी अडलेली असते. चेहरा हा मनाचा आरसा खरा. पण आरसा धुरकटला म्हणून त्यापुढील माणूस नाहीसा होत नाही. ज्याच्या घरी असे वडीलधारे माणूस असेल, त्याने केवळ चेहरा पाहून माघारी फिरू नये. जवळ बसावे, विचारपूस करावी आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.