पांढरं खोड, काळी पेन्सिल

लेकीने पेन्सिलींचा पत्र्याचा डबा हातात ठेवला आणि म्हणाली, "आई, दिवसभर नुसती बसून कंटाळशील, चित्रं काढ." डब्यात एका टोकाला ४एच, दुसऱ्या टोकाला ८बी. शाळेत आम्हाला एचबी तेवढी ठाऊक. टूबी बाळगणारी मुलं म्हणजे चित्रकार! एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले होते खरी, पण वस्तुचित्रातल्या माठ-कांद्यांपुढे माझी गाडी कधी गेली नाही. आता कळलं की पेन्सिलीची काडी ग्राफाइट आणि चिकणमाती मिसळून करतात. माती जास्त तर एच, रेघ फिकी नि कडक. ग्राफाइट जास्त तर बी, रेघ मऊ नि काळीकुट्ट. ८बी हाती धरली की तळहाताची कड काळी होते आणि कागदभर आपलेच ठसे उमटतात.

ॲडलेडमध्ये टॉरन्स नदीकाठी रिव्हर रेड गमची थोराड झाडं आहेत. बसले एकापुढे. (पुढे म्हणजे लांबच; या झाडाची जाडजूड फांदी वारा नसतानाही अचानक कोसळते, म्हणून खाली बसायचं नाही, अशी जावयांची सक्त ताकीद.) आणि इथेच माझी मती गुंग झाली. आपला आंबा काढायचा तर वर गडद डेरेदार घुमट, खाली काळपट बुंधा, की झालं झाड. इथे सगळं उलटं. पानं उभी लोंबतात, त्यांच्यामधून आकाश दिसतं, सावली विरळ. आणि सगळ्यात उजळ काय, तर खोड! साल सोलून निघालेली. कुठे दुधी, कुठे राखाडी, कुठे गुलाबीसर. पांढऱ्या कागदावर काळ्या पेन्सिलीने पांढरं खोड काढायचं तरी कसं?

कम्युनिटी सेंटरच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं, खोडाला हात लावू नका, मागचं गवत काळं करा. हे मला भलतंच आडवळणाचं वाटलं. पण ४बीने मागची झुडपं गर्द करत गेले, तसा मधला कोरा पट्टा हळूहळू गोल होऊन पुढे आला. मग एका कडेला एचबीची तिरपी, दाट रेघाटी. बस्स.

मग लेक हानडॉर्फला घेऊन गेली. जर्मनीत जन्मलेले, लहानपणीच इथे आलेले चित्रकार हान्स हायसन १९१२ पासून तिथे 'द सीडर्स'मध्ये राहिले. जन्मभर गमची झाडंच काढली म्हटलं तरी चालेल. निसर्गचित्रांसाठीचं विन पारितोषिक त्यांना नऊ वेळा मिळालं. त्यांच्या चित्रांतली खोडं पाहताना मी प्रकाशाऐवजी त्यामागचा अंधारच बघत बसले. मला मात्र जास्त जवळचे वाटतात ते जॉन ग्लोव्हर. इंग्लंडात नाव कमावलेला हा चित्रकार साठी उलटल्यावर, १८३१ साली टास्मानियात आला आणि ही परकी झाडं नव्याने बघायला लागला. त्यांच्या चित्रांतल्या फांद्या जरा जास्तच वळवळतात, पण झाड गमचंच आहे, ओकचं नाही.

माझं खोड आता बरं जमतं. पानांचं घोडं मात्र अडलंय. एकेक काढली तर झालर दिसते, गिरगिटली तर काटेरी झुडूप. शेवटी वैतागून पानं गाळूनच टाकली आणि चित्र फ्रिजवर लावलं.

नातू बराच वेळ बघत होता. "आजी, हे वणव्यात जळलं का?"

"हो," मी म्हटलं. सुटले!

"मग खोडातून बारीक पालवी फुटलेली दाखव ना. जळल्यावर तशीच फुटते, टीचरने दाखवलंय."

म्हणजे पुन्हा पानंच.