भरलेली पाण्याची बाटली



जून महिना जवळ आला की घराघरांतून एक परिचित लगबग सुरू होते. पुस्तकांना कव्हरे चढतात, गणवेशाची उंची पाहिली जाते, रेनकोट माळ्यावरून खाली येतो. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करीत असल्याने आमच्याकडे ही तयारी बहुतांशी माझ्यावर असते. ती मी हौसेने आणि, खरे सांगायचे तर, थोड्या अभिमानानेही करीत आले. गेल्या वर्षी त्या अभिमानाला चांगलाच तडा गेला. ती हकिकत आपल्याला सांगावीशी वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडांना शाळेसाठी तयार करण्याचे काम आजी-आजोबांकडेच असते.

माझी नात चौथीपर्यंत घराजवळच्या लहानशा शाळेत होती. पाचवीला ती मोठ्या शाळेत गेली. दप्तर नवे, डबा नवा, पाण्याची निळी बाटलीही नवी. पहिले काही दिवस सुरळीत गेले. पुढे मात्र शाळेची वेळ जवळ आली की तिच्या पोटात दुखू लागले. रविवारी कधी दुखत नसे. मी अनुभवाच्या जोरावर निदान करून टाकले, की ही शाळा चुकवण्याची युक्ती आहे. ओवा चावायला दिला आणि चार शब्द कठोरपणे सुनावलेही. ती काही न बोलता रिक्षात जाऊन बसे.

संध्याकाळी डबा घासायला काढताना बाटली जवळजवळ भरलेलीच सापडे. “पाणी का प्यायली नाहीस गं?” असे विचारले की “विसरले” एवढेच उत्तर मिळे. ते पाणी मी तुळशीला घालत असे आणि विषय तिथेच संपत असे.

जुलैच्या अखेरीस तिला थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टरांनी लघवीची तपासणी करवून घेतली, तेव्हा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. औषध लिहून देताना त्यांनी तिला जवळ बसवून हळूच विचारले, “शाळेत लघवीला जातेस का?” तिने मान खाली घातली. मग एकेक गोष्ट बाहेर आली. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली होती. आत अंधार होता. बाहेर उभे राहायला ओळखीची मैत्रीण नव्हती आणि तास चालू असताना बाईंना विचारायची लाज वाटत होती. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, ती सहा तास लघवी रोखून धरीत होती. जावेच लागू नये म्हणून पाणी पीत नव्हती.

घरी परतताना मला स्वतःचीच आठवण झाली. एसटीने गावी जायचे असले की मीही सकाळपासून पाण्याला शिवत नाही. स्थानकावरच्या स्वच्छतागृहाची धास्ती असते. आपल्यापैकी कितीतरी जणी हेच करीत असतील. जे दुःख मी स्वतः जन्मभर जाणते, तेच नातीच्या चेहऱ्यावर मला ओळखता आले नाही. त्या रात्री मी तिची क्षमा मागितली.

डॉक्टरांनी समजावलेले थोडक्यात सांगते. पाणी कमी प्यायले आणि लघवी रोखून धरली, की मूत्राशयात जंतू वाढायला अवकाश मिळतो. मुलींमध्ये हा त्रास अधिक आढळतो. बद्धकोष्ठतेनेही त्यात भर पडते. ओटीपोटात दुखणे, वारंवार थोडी थोडी लघवी होणे, जळजळ, ताप, किंवा सवय सुटलेल्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले करणे, यांपैकी काही दिसले तर रागावू नये आणि घरगुती उपायांत दिवसही घालवू नयेत. लघवीची तपासणी करून घ्यावी आणि दिलेले औषध बरे वाटले तरी मध्येच सोडू नये.

मुलाने आणि सुनेने वर्गशिक्षिकांची भेट घेतली. इतर पालकही बोलू लागले, तेव्हा कळले की ही अडचण अनेक मुलींची होती. आठवड्याभरात कडी बसली, दिवा लागला. अशी विचारणा करण्यात संकोच बाळगू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे व पिण्याचे सुरक्षित पाणी शाळेत असणे आवश्यक ठरवले आहे. केरळमधील काही शाळांनी तर २०१९ मध्ये पाणी पिण्याची आठवण देणारी स्वतंत्र घंटाच सुरू केली.

यंदा आमची तयारी थोडी निराळी आहे. शाळा सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून नात रोज थोडी लवकर झोपते, म्हणजे सकाळी उठल्यावर शौचाला निवांत वेळ मिळतो. मधल्या सुट्टीच्या वेळेला घरीच पाणी पिण्याची आणि दोन-तीन तासांनी लघवीला जाण्याची सवय आम्ही लावत आहोत. तिच्या सोबतीने मीही पाणी पिते, कारण वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. ज्यांना डॉक्टरांनी पाणी बेताने प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र तेच पथ्य पाळावे.

पहिल्या आठवड्यात मुलाला “आज काय शिकवले?” एवढेच विचारून थांबू नका. “शाळेत लघवीला गेलास का? तिथे भीती वाटते का?” हेही विचारा. चारचौघांत न विचारता रात्री अंथरुणावर, दिवा मालवल्यावर विचारा. तेव्हा मुले मोकळेपणी बोलतात. आणि संध्याकाळी डबा घासायला घ्याल, तेव्हा शेजारची बाटलीही एकदा हातात उचलून पाहा.