बोलावणे

आम्हां धर्मगुरूंना आजाऱ्यांच्या भेटीसाठी घरोघर जावे लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या भगिनींकडून एक वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे: "फादर, काही दुखत नव्हते, मग दवाखान्यात कशाला जायचे?" हा रोग आरंभी दुखत नाही, हेच त्याचे कपट. एचपीव्ही या विषाणूच्या लागणीपासून कर्करोग होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात. त्या अवधीत पेशींतील बदल ओळखले, तर साध्या उपचारांनी धोका टळतो.

सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे धोरण आखले. प्रशिक्षित परिचारिका गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावते आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का, ते पाहते. एवढीच ती तपासणी. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांमागे दोघींचीही तपासणी झालेली आढळली नाही.

स्त्रिया लाजतात, असे कारण दिले जाते. परंतु १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत एक मोठा अभ्यास झाला. घरी जाऊन समजावून बोलावले, तेव्हा पाचांतील जवळजवळ चौघी तपासणीस आल्या. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली, त्यातील या रोगाचे मृत्यू आठ वर्षांत, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्मे राहिले. लाज त्या स्त्रियांनाही होतीच. पण त्यांना कोणीतरी बोलावले होते.

विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून बाईच्या चारित्र्याविषयी कुजबुज होते. हा शुद्ध अन्याय होय. हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी गाठतो आणि बहुधा आपोआप नाहीसाही होतो. एकनिष्ठ पत्नीलाही तो होऊ शकतो.

तेव्हा वाचकहो, आशाताईंना रविवारच्या मिस्सेनंतर महिला मंडळात बोलू द्यावे. सुनेने सासूला सोबत घेऊन आरोग्य केंद्रात चौकशी करावी. दोष आढळलाच, तर उपचार पुरे होईपर्यंत घरच्यांनी पाठीशी राहावे. आणि नवऱ्याने आजच म्हणावे, "तू जाऊन ये, घरचे मी पाहतो."