शुभ दिपावलि

शीर्षक चुकलंय, ठाऊक आहे. शुद्धलेखनप्रेमींनी जरा धीर धरावा. ही चूक कशी झाली तेच सांगायला बसलोय. :)

तर झालं असं की, गुडघा दुखावल्यामुळे डॉक्टरांनी ट्रेकिंग बंद करायला लावलं आणि अस्मादिकांचे विकांत एकदम रिकामे झाले. घरी लोळून लोळून किती लोळणार? तेवढ्यात हापिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की एका स्टुडिओत दर रविवारी मुद्राचित्रण शिकवतात. सहा रविवार, सामान त्यांचंच. चित्रकलेत माझी मजल दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली नदी एवढीच. तरीही नाव घातलं. गेल्यावर बघतो तर आठजणांत पाचजण आयटीवाले! म्हणजे गुडघे आणि डोकी सगळ्यांचीच दुखत असावीत.

शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी हातात लिनोलियमचा राखाडी तुकडा दिला. ही खरं तर फरशीवर अंथरायची वस्तू. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी शोधलेली. जवसाचं तेल घट्ट करून त्यात राळ आणि बुचाचा भुगा घालायचा आणि तो लगदा तागाच्या कापडावर थापायचा. लाकडासारखे रेषे नसल्यामुळे ती कुठल्याही दिशेने कोरता येते. गार असली की कडक होते, म्हणून कोरण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवायची. एक नियम मॅडमनी तीनदा सांगितला: हत्यार नेहमी अंगापासून दूर ढकलायचं आणि दुसरा हात पात्याच्या मागेच ठेवायचा. मी तो तीनदा ऐकला आणि चौथ्या मिनिटाला अंगठ्याला पट्टी लावून बसलो.

तत्त्व तसं सोपं आहे. कोराल ते पांढरं राहतं, ठेवाल ते छापलं जातं. मॅडमनी नंदलाल बोस यांचं १९३० चं दांडीयात्रेतल्या गांधीजींचं चित्र दाखवलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांत काठी घेऊन चालणारे बापू. आपण सगळ्यांनी ते कुठे ना कुठे पाहिलेलं असतं, पण तो लिनोकट आहे हे मला माहीतच नव्हतं. काळा भाग म्हणजे तिथे हत्यार लागलेलंच नाही. मग आयुष्याची बरीच वर्षं मुंबईत काढलेल्या चित्तप्रसाद यांनी राबणाऱ्या लहान मुलांवर केलेले लिनोकट दाखवले. ते बघून वर्गातली बडबड थांबली.

पुढच्या रविवारी शाई. काचेवर चमचाभर शाई घ्यायची आणि रबरी रूळ फिरवत राहायचा. "डोळ्यांनी नाही, कानांनी बघा," मॅडम म्हणाल्या. शाई जाड असेल तर चिकट पचपच आवाज येतो, नेमकी पसरली की बारीक चर्रर्र. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. कोरलेल्या ठोकळ्यावर शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. प्रेस नसला तरी चालतं. कागद उचलताना छातीत जी धडधड होते, ती मला प्रॉडक्शनवर कोड टाकतानाच होते. फरक इतकाच की तिकडे मागे घ्यायची सोय आहे. इथे कंट्रोल झेड नाही. कोरलं ते गेलं.

चौथ्या रविवारच्या आधी गृहपाठ मिळाला: अक्षरं असलेलं शुभेच्छापत्र कोरून आणा. मी एक पणती आणि खाली 'शुभ दीपावली' असं ठरवलं. छापताना सगळं उलटं होतं, म्हणून ट्रेसिंग पेपर पालथा घालून अक्षरं लिनोवर उतरवली. पेन्सिल पुसट होती, तेव्हा घरी पेनाने गिरवायला बसलो. गिरवताना लक्षात आलं की 'दी' आणि 'ली' दोन्हींच्या वेलांट्या डावीकडे आहेत. अरेच्चा, ह्रस्व झाल्या की! मग मी हुशारीने त्या पुसून उजवीकडे काढल्या. आणि शनिवारी रात्री जागून कोरून टाकल्या.

रविवारी सकाळी ठोकळा जेवणाच्या टेबलावर होता. बाबा चहाचा कप घेऊन आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, "दिपावलि? दोन्ही ह्रस्व?"

"बाबा, ते उलटं आहे. छापल्यावर बरोबर दिसेल."

"अरे, उलटंच वाचतोय मी."

ठसा घेऊन बघितला. शुभ दिपावलि.

इथे थोडं मागे जावं लागेल. बाबा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळातल्या छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, तीही अशी की अक्षरं डोक्यावर उभी आणि आरशातल्यासारखी. सोळा वर्षं त्यांनी मराठी तशीच वाचली. १९९८ साली छापखान्याने खिळे किलोच्या भावाने विकले आणि दोन संगणक घेतले. त्यानंतर बाबा औषधाच्या दुकानात काउंटरवर लागले. डॉक्टरांची कसलीही चिठ्ठी त्यांना वाचता यायची, याचं आम्हाला लहानपणी फार कौतुक. ती नजर लेखकांची हस्तलिखितं वाचून तयार झाली होती, हे कधी डोक्यातच आलं नाही. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' पुढे मी 'खाजगी नोकरी' लिहायचो. पुढे मला इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर मिळाला तेव्हा पेढे बाबांनीच आणले होते. ज्या यंत्राने त्यांचं काम गेलं, त्याच्याच फिया त्यांनी चार वर्षं भरल्या. हे वाक्य आज लिहिताना जितकं बोचतंय, तितकं गेल्या दहा वर्षांत एकदाही बोचलं नव्हतं.

वर्गात मॅडम म्हणाल्या होत्या की छापखान्याचे खिळे म्हणजे हेच तंत्र, उठावाचं मुद्रण. तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं. जणू काही नवीन माहिती!

त्या रविवारी वर्गाला गेलो नाही. ठेवणीतला नवा लिनो काढला, खिडकीतल्या उन्हात ठेवला आणि बाबांना शेजारी बसवलं. ते पेन्सिलने थेट उलटी अक्षरं काढत गेले, न थांबता. 'भ' आणि 'दी'मध्ये किती जागा सोडायची यावर आमचं थोडं वाजलंसुद्धा. कोरलं मी, कारण आता त्यांचे हात थरथरतात. मग ओट्यावर काच ठेवून शाई फिरवायला घेतली. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तिथूनच आवाज आला, "शाई जास्त झालीये. कमी कर."

आमच्या टीममध्ये सध्या एआयमुळे कुणाचं काम राहणार, कुणाचं जाणार याची रोज जेवताना चर्चा असते. मलाही रात्री कधीकधी झोप लागत नाही. कागद वाळत घालताना मी बाबांना विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं हो?"

"वाटायला वेळ कुठे होता? तू दीड वर्षाचा होतास."

थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "वाईट कामाचं नाही वाटलं. खिळे नेताना पोत्यात भरले होते, सगळ्या केशी एकत्र. सोळा वर्षं मी एक 'क' चुकीच्या खान्यात टाकला नव्हता."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मी चमचा धुवायला गेलो.

पंधरा प्रती काढल्या. पद्धतीप्रमाणे खाली डावीकडे पेन्सिलने १/१५, २/१५ असे आकडे घातले. उजवीकडे सही करायची असते. बाबांपुढे पेन्सिल धरली तर म्हणाले, "जुळाऱ्याचं नाव कुठे छापतात होय?" मग मी सही केली आणि शेजारी त्यांचंही नाव लिहिलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं आणि 'अक्षर सुधार' एवढंच म्हणाले.

'शुभ दिपावलि'चा ठसा मी चुरगाळून टाकणार होतो, तो त्यांनी काढून घेतला. पहिलं प्रूफ फेकायचं नसतं म्हणे, दुरुस्ती झाली की नाही हे त्याच्याशीच ताडून बघायचं असतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्यावर लाल पेनाने दोन खुणा होत्या, समासात 'दी' आणि 'ली'. तारीख घालून कागद कपाटात ठेवलाय.

असो. पुढच्या रविवारी जस्ताच्या पत्र्यावर एचिंग आहे. तिथे सगळं उलट, म्हणजे कोराल त्या खाचेतलीच शाई कागदावर येते. बाबा विचारत होते, बघायला आलं तर चालेल का.